डोमेनचे डिस्काउंट कोड: कार्टमधली सूट आणि पुढच्या पाच वर्षांचा खर्च

नेमसर्व्हर

"डोमेनसाठी कूपन आहे का कुणाकडे?" हा प्रश्न या फोरमवर वरचेवर येतो आणि उत्तरादाखल मुदत संपलेल्या कोडांची यादी येते. यादी टिकत नाही, म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेताना कोड पारखायचा कसा ते एका जागी लिहून ठेवतोय. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात घाऊक भावापासून. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाइन कंपनीकडे आहे. तुम्ही कुठूनही घ्या, तुमच्या रजिस्ट्रारला, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीला, दर डॉट कॉममागे वर्षाला १०.२६ डॉलर व्हेरिसाइनला द्यावेच लागतात. हा सप्टेंबर २०२४ ला लागू झालेला दर, त्याआधी ९.५९ होता. त्यावर आयकॅनची, म्हणजे डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेची, फी २० सेंट, जी जुलै २०२५ पर्यंत १८ सेंट होती. म्हणजे १०.४६ डॉलर हा तळ. क्लाउडफ्लेअर हा रजिस्ट्रार या तळभावातच डोमेन देतो, वर नफा लावत नाही, आणि म्हणूनच तिथे कूपन हा प्रकार नाही.

तळाच्या खाली दिसणाऱ्या प्रत्येक दरात फरक रजिस्ट्रार स्वतःच्या खिशातून घालतोय. तो फरक पुढे कुठून वसूल होणार हे शोधणं म्हणजेच कूपन पारखणं. वसुलीच्या जागा ठरलेल्या आहेत: रिन्यूअलचा (पुढच्या वर्षांच्या नूतनीकरणाचा) दर, सोबत गळ्यात मारलेल्या सेवा, आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा).

उदाहरणादाखल दोन दर घेऊ. 'अ' कडे कूपन लावून पहिलं वर्ष १४९ रुपये, पुढे दरवर्षी १,४९९. 'ब' कडे कूपन नाही, दरवर्षी ९४९. तीन वर्षांचे 'अ' कडे ३,१४७ आणि १८ टक्के जीएसटी धरून ३,७१३ रुपये. 'ब' कडे २,८४७, जीएसटीसह ३,३५९. पाच वर्षं ठेवलंत तर 'अ' ७,२५१ आणि 'ब' ५,५९९. साडेसोळाशे रुपयांचा फरक, तोही १४९ वाल्याच्या विरोधात.

याचा अर्थ कूपन वापरूच नये असा मुळीच नाही. 'अ' कडे पहिलं वर्ष काढून दुसऱ्या वर्षाआधी 'ब' कडे ट्रान्सफर केलं तर दोन्हीकडचा फायदा पदरात पडतो. त्याची रीत आहे आणि तिच्यात दोन-तीन खड्डे आहेत, त्यावर वेगळा प्रतिसाद लिहितो.

सह्यकडा

चांगला धागा. एक शंका. जाहिरातीत १४९ दिसतात, कोडही लागला असं हिरव्या अक्षरांत येतं, तरी शेवटच्या पानावर बिल दीड-दोन हजारांचं कसं होतं? डोमेन एकच आहे, दुसरं काही घेतलेलं नाही.

हिशेबनीस

@सह्यकडा, कार्टचं पान वरपासून खालपर्यंत सावकाश वाचा. पाच ठिकाणी बघायचं.

पहिलं, वर्षांचा ड्रॉपडाउन. बरेचदा तो आपोआप २ किंवा ३ वर्षांवर ठेवलेला असतो. कोड फक्त पहिल्या वर्षाला लागतो, उरलेली पूर्ण दराने. तुमच्या बिलाचं कारण बहुधा हेच. ड्रॉपडाउन १ वर आणा आणि बघा सूट टिकते का. काही ऑफरी मुळातच 'किमान २ वर्षं' अशा अटीच्या असतात. १ वर आणल्यावर सूट गेली तर ती ऑफर त्या जातीची.

दुसरं, प्रायव्हसी, म्हणजे मालकाची माहिती झाकायची सेवा. आयकॅनखालच्या डोमेनांसाठी मे २०१८ पासून, युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा आल्यावर, मालकाचं नाव-फोन-ईमेल सार्वजनिक नोंदीत बहुतेक ठिकाणी झाकलेलंच असतं. नेमचीप, पोर्कबन, क्लाउडफ्लेअर ही सोय फुकट देतात. वेगळे पैसे मागणारी 'फुल प्रोटेक्शन' वगैरे पॅकेजं साध्या वेबसाइटला लागत नाहीत.

तिसरं, ईमेलची 'फ्री ट्रायल'. महिन्याभराने ती आपोआप चालू सेवा होते आणि कार्डवर पैसे पडतात. चौथं, एसएसएल, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि जवळपास सगळे होस्टिंगवाले ते एका क्लिकवर बसवून देतात, डोमेनसोबत विकत घ्यायचं कारण नाही. पाचवं, जीएसटी, जो शेवटच्या पानावरच दिसतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी नको ते सगळं काढा, वर्षं १ करा, मग कोड टाका. उलट केलंत तर कार्ट बदलताना काही साइटवर कोड गळून पडतो आणि ते सांगितलंही जात नाही. 'पे' दाबण्याआधी एकूण रक्कम पुन्हा वाचायची.

बिनतारी

कोड 'इनव्हॅलिड' म्हणून येतो तेव्हा त्याची कारणं:

कोड ठरावीक एक्स्टेन्शनचा, म्हणजे नावाच्या शेवटच्या डॉट कॉम, डॉट इन अशा भागाचा असतो. डॉट कॉमचा कोड डॉट इनला चालत नाही. बहुतेक कोड नव्या नोंदणीचे असतात, रिन्यूअलला किंवा ट्रान्सफरला लागत नाहीत. 'न्यू कस्टमर' वाले कोड खात्याला, कार्डला आणि काही ठिकाणी पत्त्यालाही बांधलेले असतात, त्यामुळे नुसता नवा ईमेल काढून भागत नाही. कोड डॉलरच्या दुकानाचा असेल तर रुपयाच्या दुकानात चालत नाही. एका कार्टमध्ये एकच कोड लागतो, आणि आधीच 'सेल' मध्ये असलेल्या दरावर तो लागत नाही. प्रीमियम, म्हणजे जास्त भाव लावलेल्या, नावांना तर कोणताच कोड लागत नाही.

व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातला स्वस्त दर घ्यायचा सल्ला फिरत असतो. तो मानू नका. बिलिंगचा पत्ता भारतातला, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) भलत्या देशाचा आणि कार्ड भारतीय, असं दिसलं की व्यवहार फसवणुकीच्या तपासणीत अडकतो. नाव नोंदलं गेलं आणि खातं गोठलं, तर शंभर रुपयांसाठी नाव अडकून बसतं.

ओलीसुकी

कोड शोधायचे कुठे? कूपनच्या साइटवर दिसणाऱ्यांतला क्वचित एखादा लागतो.

बिनतारी

@ओलीसुकी, त्या साइटवरचं 'कोड दाखवा' हे बटण दाबलं की मागे रजिस्ट्रारचं पान उघडतं आणि तुमच्या ब्राउझरमध्ये त्या साइटची अॅफिलिएट कुकी, म्हणजे ग्राहक कुणी पाठवला याची खूण, बसते. तुम्ही नंतर काहीही घेतलंत तरी कमिशन त्यांना. त्यामुळे कोड चालतो की नाही याची त्यांना फिकीर नसते. ब्राउझरमध्ये बसणारी कूपन एक्स्टेन्शनही ह्याच वाटेने कमावतात.

खात्रीच्या जागा मोजक्या. रजिस्ट्रारचं स्वतःचं 'प्रोमोज' पान, तिथे मुदत आणि अट दोन्ही लिहिलेल्या असतात. त्यांचं न्यूजलेटर. आणि दरांची तुलना करणाऱ्या साइट, उदाहरणार्थ टीएलडी-लिस्ट, जिथे नोंदणी, रिन्यूअल आणि ट्रान्सफर हे तीन रकाने शेजारी-शेजारी दिसतात. तिथे गेल्यावर यादी रिन्यूअलच्या रकान्यावर लावून घ्या. नोंदणीच्या रकान्यावर लावलेली यादी दिशाभूल करते.

नोव्हेंबरच्या शेवटी, ब्लॅक फ्रायडे आणि सायबर मंडेला, ट्रान्सफरचे चांगले कोड येतात. नाव आधीच तुमच्याकडे असेल तर त्या आठवड्यासाठी थांबणं फायद्याचं. नवं नाव घ्यायचं असेल तर मात्र थांबू नका. शे-दोनशे वाचवायला गेलं आणि नाव दुसऱ्याने घेतलं तर काही करता येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी: गिटहबच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकमधून एक वर्षाचं डोमेन फुकट मिळत आलेलं आहे. कॉलेजचा ईमेल किंवा ओळखपत्र लागतं. एक वर्षानंतरचा रिन्यूअल दर मात्र पूर्ण असतो, तो आधी बघून घ्या.

हिशेबनीस

परदेशी की देशी, ह्याचा हिशेब राहिला. गणिताच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरतो. १०.४६ डॉलर म्हणजे ९४१ रुपये. ज्या परदेशी कंपन्या भारतीय ग्राहकाला १८ टक्के कर लावतात त्यांच्याकडे हे १,१११ होतात. मग कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक लावते तो अधिभार. तो साधारण साडेतीन टक्के असतो आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. शेवटी स्टेटमेंटवर १,१५७ रुपये. कमी मार्कअपचं कार्ड असेल तर थोडं खाली. देशी रजिस्ट्रारकडे यूपीआयने भरलंत तर हा मार्कअप नाही. तेव्हा 'तळभाव १०.४६' आणि 'रुपयात ९९९ अधिक जीएसटी', म्हणजे १,१७९, ह्यांत फरक जेमतेम बावीस रुपयांचा. डॉलरचा आकडा लहान दिसतो म्हणून स्वस्त समजू नये. पैसे भरताना 'रुपयात भरा' असा पर्याय दिसला तर त्यातला विनिमय दर तपासा, बहुतेक वेळा तो कार्डाच्या दरापेक्षा महाग असतो.

व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटीआयएन प्रोफाइलमध्ये आधी भरा, मग पैसे भरा. बिल निघाल्यावर नंबर टाकून द्यायला बहुतेक रजिस्ट्रार तयार होत नाहीत आणि १८ टक्क्यांचं क्रेडिट हातचं जातं. कुठल्याही कूपनपेक्षा ही रक्कम मोठी असू शकते.

दुसरी गोष्ट ऑटो-रिन्यूची. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आवर्ती व्यवहाराला ई-मँडेट, म्हणजे ग्राहकाने आधी नोंदवलेली परवानगी, लागतो. परदेशी रजिस्ट्रारकडे तो नोंदलेला नसेल तर ऑटो-रिन्यू सुरू दिसतं आणि प्रत्यक्षात बँक व्यवहार नाकारते. कार्डावर 'इंटरनॅशनल' व्यवहार बंद ठेवलेले असतील तरी तेच. तिथे ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. खात्यात आगाऊ शिल्लक ठेवायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर मुदतीच्या महिनाभर आधी हाताने भरा.

नेमसर्व्हर

आता ट्रान्सफर. कूपनची खरी बचत इथेच आहे, कारण डॉट कॉमसारख्या डोमेनची ट्रान्सफर म्हणजे एका वर्षाचं रिन्यूअलच असतं. भरलेल्या पैशांत मुदत एक वर्षाने वाढते आणि उरलेले दिवस बुडत नाहीत. त्यामुळे आपल्या रजिस्ट्रारचं रिन्यूअल १,४९९ आणि दुसऱ्याची ट्रान्सफर कोड लावून ८००, तर दुसऱ्याकडे जावं.

क्रम असा:

१. नोंदणीला किंवा मागच्या ट्रान्सफरला ६० दिवस झालेत का बघा. त्याआधी सहसा हलवता येत नाही. मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला तरी ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं. म्हणून ट्रान्सफरच्या तोंडावर प्रोफाइल दुरुस्त करायला जाऊ नका.

२. डीएनएसच्या, म्हणजे नावावरून साइट आणि ईमेल कुठे जातात ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून घ्या: ए, सीनेम, एमएक्स (ईमेलची), टीएक्सटी. नेमसर्व्हर (ह्या नोंदी पुरवणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर ट्रान्सफरनंतर ते बंद होऊ शकतात. साइट बंद पडलेली लगेच कळते, पण एमएक्स गेल्याने ईमेल येणं थांबलं तर दोन दिवस पत्ता लागत नाही. आधी डीएनएस तिसऱ्या जागी हलवा, ते नीट चालतंय हे बघा, मगच डोमेन हलवा. डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी डीएस नोंद (त्या सहीची रजिस्ट्रीकडची नोंद) काढा आणि तिचा टीटीएल (जुनी नोंद इतरत्र साठून राहायचा काळ) उलटू द्या, नाहीतर साइट अनेकांना उघडणारच नाही. क्लाउडफ्लेअरकडे जायचं असेल तर डोमेन आधी त्यांच्या नेमसर्व्हरवर आणावंच लागतं.

३. जुन्या खात्यात डोमेन लॉक काढा आणि ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरचा पासवर्ड, घ्या. काही ठिकाणी ह्याला ईपीपी कोड म्हणतात.

४. नव्या जागी ट्रान्सफरचा फॉर्म, ऑथ कोड, मग डिस्काउंट कोड, मग पैसे. ऑथ कोड कॉपी करताना शेवटी रिकामी जागा येते आणि कोड चुकीचा दाखवतो, तेवढं बघा.

५. जुन्या रजिस्ट्रारचा ईमेल येतो. त्यातल्या दुव्यावरून मान्यता दिली तर काम लवकर होतं. काहीच केलं नाही तर ५ दिवसांनी आपोआप पूर्ण होतं.

सुरुवात मुदतीच्या किमान पंधरा-वीस दिवस आधी करा.

सगळ्यात मोठा खड्डा ४५ दिवसांचा. समजा मुदत १० मार्चला संपली, तुम्ही २० मार्चला जुन्याकडेच रिन्यू केलं आणि १ एप्रिलला दुसरीकडे हलवलं. मुदतीनंतरचे ४५ दिवस अजून सरलेले नसतात, म्हणून रजिस्ट्री जुन्या रजिस्ट्रारला त्या वर्षाचे पैसे परत करते आणि ते वर्ष पुसून टाकते. तुमच्या मुदतीत ट्रान्सफरचं एकच वर्ष वाढतं. जुन्याला भरलेले पैसे तुम्हाला आपोआप परत मिळत नाहीत. अशा वेळी २४ एप्रिल उलटू द्या, मग हलवा. मुदत संपण्यापूर्वी रिन्यू केलेलं असेल तर हा प्रश्न येत नाही.

सह्यकडा

ड्रॉपडाउन ३ वर होता. १ केल्यावर सूट टिकली. हिशेबनीस, आभार.

९९ रुपयांत मिळणाऱ्या डॉट ऑनलाइन, डॉट साइट, डॉट स्टोअर यांचं काय? सगळ्यांत स्वस्त तीच दिसतात.

नेमसर्व्हर

पहिल्या वर्षी, हो. ही तिन्ही रॅडिक्सची, म्हणजे मुंबईच्या डिरेक्टीतून उभ्या राहिलेल्या रजिस्ट्रीची. रिन्यूअल मात्र २० ते ४० डॉलरच्या घरात जातं, डॉट कॉमच्या दुप्पट ते चौपट. ट्रान्सफर करूनही फार वाचत नाही, कारण इथे घाऊक भावच चढा आहे. तात्पुरती, एखाद्या कार्यक्रमाची, वर्षभराने सोडून द्यायची साइट असेल तर खुशाल घ्या. दुकानाच्या पाटीवर रंगवायचं नाव असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. तीन वर्षांनी नाव बदलायचा खर्च सगळ्या कूपनांना पुरून उरतो.

नुसता प्रयोगाचा सर्व्हर हवा असेल तर डॉट एक्सवायझेडमध्ये ६ ते ९ आकडी नावं वर्षाला ९९ सेंटच्या आसपास मिळतात आणि रिन्यूअलही तेवढंच असतं. नाव म्हणजे नुसते आकडे, पण चाचणीला चालतं.

नवी एक्स्टेन्शनं घेताना 'प्रीमियम' असा शिक्का आहे का बघा. काही प्रीमियम नावांचं रिन्यूअलही दरवर्षी प्रीमियम दरानेच असतं.

आणि एक उपयोगाचा नियम. आयकॅनच्या करारात रिन्यूअलचा घाऊक दर वाढवायचा असेल तर रजिस्ट्रीला सहा महिने आधी कळवावं लागतं. डॉट कॉमला सहा वर्षांच्या कराराच्या शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी जास्तीत जास्त ७ टक्के वाढीची मुभा आहे. मुदत एकूण १० वर्षांपर्यंत वाढवता येते. त्यामुळे वाढ जाहीर झाली आणि नाव नक्की ठेवायचं असेल, तर वाढ लागू होण्याआधी जुन्या दराने पुढची वर्षं भरून टाका. ह्याला कोड लागत नाही आणि बचत पक्की असते.

ओलीसुकी

डॉट इनला हेच सगळं लागू होतं का? आणि डॉट भारत?

बिनतारी

डॉट इन निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे आहे. त्यामुळे आयकॅनचे वरचे नियम जसेच्या तसे धरू नका, कुलपाचे दिवस आणि ट्रान्सफरने वर्ष वाढतं का हे रजिस्ट्रारच्या पानावर तपासा. नोंदणीला प्रायव्हसी किंवा प्रॉक्सी सेवा चालत नाही, मालकाची खरी माहितीच द्यावी लागते आणि केवायसी मागितली जाऊ शकते. डॉट इनच्या कार्टमध्ये कुणी प्रायव्हसीचे पैसे लावत असेल तर काढून टाका. नाव ज्याच्या नावावर ठेवायचं त्याच्याच आधार-पॅनवरच्या नावाप्रमाणे भरा. घाईत टोपणनाव भरलं तर केवायसीत अडकतं.

डॉट को डॉट इन बहुतेक ठिकाणी डॉट इनपेक्षा स्वस्त पडतं. छोट्या उद्योगाला ते पुरेसं आहे, आणि त्याचं रिन्यूअलही आवाक्यात राहतं.

देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठी आणि कोकणीसकट. जानेवारी २०२१ मध्ये निक्सीने डॉट इनसोबत एक डॉट भारत नाव फुकट द्यायची योजनाही काढली होती. मराठी प्रकाशकाने, ग्रंथालयाने, दिवाळी अंकाने हे नाव जरूर घ्यावं, पण मुख्य डोमेनकडे वळवलेलं जोडनाव म्हणून. अनेक फॉर्म देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत आणि काही होस्टिंग पॅनलमध्ये नाव 'एक्सएन' ने सुरू होणाऱ्या लांबलचक रूपातच टाकावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घ नोंदणीआधी दोनदा तपासा. एकदा नोंदलेल्या नावातलं अक्षर बदलता येत नाही. बऱ्याच आंतरराष्ट्रीय एक्स्टेन्शनांत पहिल्या ५ दिवसांत रद्द करून पैसे परत मिळायची सोय काही रजिस्ट्रार देतात, पण कूपन लावलेल्या नोंदणीला ती बहुधा नसते.

हिशेबनीस

मुदत संपू दिली तर काय पडतं तेही नोंदवतो, कारण तिथे एका फटक्यात सगळी बचत जाते. डॉट कॉमला मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत साध्या दराने रिन्यू करता येऊ शकतं, नेमके किती दिवस ते रजिस्ट्रार ठरवतो. काही रजिस्ट्रार ह्याच काळात नाव लिलावात काढतात. नंतर ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे नाव सोडवून घ्यायचा काळ, तिथे रिन्यूअलखेरीज अनेक ठिकाणी ८० डॉलरच्या आसपास वेगळी फी. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्यात काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर नाव सगळ्यांना खुलं. आयकॅनच्या नियमाने साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवणीचा ईमेल यायलाच हवा. त्यासाठी दिलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन बंद पडलं की ईमेलही बंद. नवी नोंदणी केल्यावर पडताळणीचा जो ईमेल येतो त्यावरही १५ दिवसांत क्लिक करा, नाहीतर डोमेन स्थगित होतं.

सह्यकडा

शेवटचं विचारतो. नाव आमच्या संस्थेचं आहे, पण वेबसाइट करणाऱ्याच्या खात्यात आहे. तो दरवर्षी २,५०० घेतो. आमच्याकडे घ्यायला ट्रान्सफरचं कूपन शोधू का?

नेमसर्व्हर

आधी ते नाव कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे हे आयकॅनच्या लुकअप पानावर बघा. त्याच रजिस्ट्रारकडे संस्थेच्या नावाने खातं उघडा आणि त्याला डोमेन तुमच्या खात्यात 'पुश' करायला सांगा. नेमचीप, गोडॅडी दोघांकडे ही सोय आहे, बहुतेक ठिकाणी ती फुकट असते, ऑथ कोड लागत नाही आणि डीएनएसला सहसा धक्का बसत नाही. त्याला फक्त तुमच्या नव्या खात्याचं युजरनेम किंवा ईमेल लागेल. पुश झाल्यावर 'रजिस्ट्रंट' (मालक) रकान्यात संस्थेचं नाव आणि संस्थेचा ईमेल आहे ना ते पाहा, त्याचं स्वतःचं नाव असेल तर बदला. त्या बदलाने ६० दिवसांचं कुलूप लागलं तर लागू द्या, तोवर मुदत संपत नाही एवढं तपासा. रिन्यूअल जवळ आलं असेल तर ह्या वर्षीचं तिथेच करा आणि पुढच्या वर्षी कूपन लावून हलवा.